रुग्णभेट आणि ख्रिस्ती कळवळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळीतले आठ-दहा जण दर रविवारी उपासना सुटली की जेवून, दुपारी सरकारी दवाखान्याच्या जनरल वॉर्डात जातात. त्याला आम्ही नुसतं 'भेटीला जाणं' म्हणतो. नवीन येणारे बहुतेक तेच तेच प्रश्न विचारतात, आणि काही प्रश्न मंडळीबाहेरचे मित्र चहा पिता पिता, जरा तिरकसपणे विचारतात. दोन्हींची उत्तरं एकदा लिहून काढली. उत्तरं माझी आहेत. पाळकसाहेबांना वाचायला दिली होती. एका ठिकाणी त्यांनी मान हलवली आणि दोन ठिकाणी नुसतं 'हं' म्हणाले.

दया, करुणा, सेवा असे चांगले शब्द असताना तुम्ही सारखं 'कळवळा' का म्हणता?

कारण शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, तोच येतो. लोकांचे थवे पाहून येशूला कळवळा येतो, नाईन गावात एकुलत्या एका मुलाची तिरडी निघालेली असते त्या विधवेला पाहून येतो, भुकेल्यांना पाहून येतो. मूळ ग्रीक क्रियापद पोटातल्या आतड्यांसाठी असलेल्या शब्दावरून आलं आहे. इतर भाषांतल्या प्रवचनकारांना हे समजावून सांगायला दहा मिनिटं लागत असतील. आपल्याला लागत नाहीत. 'पोटात तुटलं', 'आतडं पिळवटलं', 'तिला त्याच्याबद्दल आतडं आहे' हे आपल्या आज्या रोज बोलत होत्या.

दया गाडीची काच खाली करून दहाच्या नोटेसरशी करता येते आणि सिग्नल सुटला की संपतेही. कळवळा आपल्याच पोटात होतो, त्यामुळे तो घरी सोबत येतो. आणि तो आला की शुभवर्तमानातलं वाक्य तिथं थांबत नाही. कळवळा आला, त्याने हात पुढे केला, कुष्ठरोग्याला स्पर्श केला. ज्याला गावानं वर्षानुवर्षं हात लावला नव्हता त्याला आधी हात लागला, बरं होणं मागून आलं. मार्कनं लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात हा क्रम नीट बघा.

'आधी नीट पाहा' असं तुम्ही नव्या माणसाला सांगता. पाहायचं काय त्यात? डोळे तर सगळ्यांनाच असतात.

येशूनं सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे बोधकथा, घ्या : लूकचं शुभवर्तमान, अध्याय दहा. यरुशलेमहून यरीहोला जाणारी वाट म्हणजे नुसता उतार, हजार मीटरच्या वर उतरायचं, उजाड डोंगर, लुटारूंना सोयीची जागा. अर्धमेला माणूस पडलाय. याजक येतो, लेवी म्हणजे मंदिरातला सेवक येतो, यहुदी ज्यांना परके मानत त्यांतला एक शोमरोनी येतो. गोष्टीत स्पष्ट म्हटलंय की तिघांनीही त्याला पाहिलं. पहिले दोघं आंधळे नव्हते. पाहिलं म्हणूनच ते रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं गेले.

मला त्याहून जवळची वाटते ती बेथसैदातल्या आंधळ्याची गोष्ट, मार्कच्या आठव्या अध्यायातली. येशू त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतंय का? तो प्रामाणिकपणे सांगतो की माणसं दिसताहेत, पण चालणाऱ्या झाडांसारखी. मग येशू पुन्हा एकदा हात ठेवतो आणि तेव्हा कुठे त्याला स्वच्छ दिसतं. दोनदा हात लावावा लागला अशी ही एकच गोष्ट आहे. माझं निम्मं आयुष्य पहिल्या आणि दुसऱ्या स्पर्शाच्या मधे गेलं असं मला वाटतं. वॉर्डात माणसं झाडांसारखीच दिसतात : 'तो फ्रॅक्चरवाला', 'ती जळालेली', 'खाट नंबर बारा'. सिस्टरांना चाळीस खाटा सांभाळायच्या असतात, त्यांनी नंबरानं हाक मारली तर समजू शकतं. आपण तासाभराला आलेलो असतो. आपल्याला ती सबब नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी नेहमी देते. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि तिथल्या उपाशी मुली, बालविधवा केडगावला घेऊन आल्या. मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं, पुणे-दौंड लोहमार्गावर आजही आहे. दुष्काळात धान्य वाटणारे अनेक होते. पण १८७४ साली दक्षिणेत भटकत असताना रमाबाईंचे वडील आणि आई उपासमारीनं खंगून काही महिन्यांच्या अंतरानं गेले होते, पाठोपाठ बहीणही. पानं खाऊन काढलेले दिवस त्यांच्या अंगात होते. दुष्काळी छावणीतली मुलगी त्यांना दिसली ती आकडा म्हणून नाही. ती त्या स्वतःच होत्या, बावीस-तेवीस वर्षांपूर्वीच्या. म्हणूनच केडगावात नुसतं खाऊ घालून भागवलं नाही. विणकाम, शेती, तेलाचा घाणा, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल, सगळं होतं. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यात बायकांच्या हातांनी जुळवलं, छापलं गेलं. ते १९२४ मध्ये पूर्ण बाहेर आलं, रमाबाई जाऊन दोन वर्षं झाल्यावर.

खाटेजवळ उभं राहिल्यावर बोलायचं काय? मला काही सुचतच नाही.

सुचू नये हेच बरं. ज्यांना फार सुचतं त्यांची मला धास्ती वाटते.

यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी ओरडत असतो. त्याला काय हवंय हे गर्दीतल्या शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. तरी येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? हा प्रश्न मला पूर्वी उगीचच वाटायचा. पुढची गोष्ट घडली तेव्हापासून वाटत नाही.

हाडांच्या वॉर्डात एक आजोबा होते. मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन लावून ठेवलेलं. सोबतीला कुणी नाही. आम्ही दोन रविवार त्यांच्याकडे गेलो, बिस्किटाचा पुडा ठेवला, त्यांना विचारून प्रार्थनाही केली. ते भिंतीकडे बघत 'हां, हां' म्हणायचे. तिसऱ्या रविवारी कॉलेजातला एक नवा मुलगा बरोबर होता. त्याला आमच्या रीतिभाती माहीत नव्हत्या. त्यानं सरळ विचारलं, "बाबा, तुमचं काय काम अडलंय का?"

आजोबांनी उशीखालून बटणांचा फोन काढला. "बारीक पिनचा चार्जर मिळंल का रं कुठं?"

अकरा दिवस फोन बंद होता. वॉर्डात सगळ्यांकडे रुंद पिनचे चार्जर. तो मुलगा गेटाबाहेरच्या पानटपरीवरून दहा मिनिटांत बारीक पिनचा मागून घेऊन आला. वॉर्डातलं चालू असलेलं एकुलतं एक बटण दाराजवळ होतं. तिथं कुणाचा तरी फोन लावलेला होता, तो काढायला विनवण्या कराव्या लागल्या. फोन सुरू झाल्याबरोबर आजोबांनी शेजाऱ्याला लावला. आवाज एवढा मोठा की पलीकडच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. "शेळी व्याली का? किती? दोन? पाठी का बोकड?" मग चाऱ्याचं, मग वाघराचं, मग कुणाकडे पैसे येणे आहेत त्याचं. पंधरा मिनिटं बोलले. ठेवल्यावर पहिल्यांदाच आमच्याकडे तोंड करून म्हणाले, "दोन्ही पाठी हायेत."

आमच्या भेटींची एक वही असते. तिच्यात त्यांच्या नावापुढे 'फारसे बोलत नाहीत' अशी नोंद होती. अक्षर माझंच.

रिकाम्या हातानं कसं जायचं? फळं न्यावीत का?

सिस्टरांना विचारल्याशिवाय नाही. मी एकदा बायकांच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात दोन डझन संत्री घेऊन गेले होते आणि हौसेनं सगळ्यांना सोलून दिली. कोपऱ्यातल्या खाटेवर पोटाचं ऑपरेशन झालेली एक बाई होती, तिला तोंडानं पाणीसुद्धा द्यायचं नव्हतं. संत्र्याचा वास वॉर्डभर. ती ओठांवरून ओला कापूस फिरवत आमच्याकडे बघत पडली होती. ते मला फार उशिरा दिसलं.

मधुमेह असतो, मूत्रपिंडाच्या रुग्णाला शहाळं चालत नाही, कुणाला मिठाचं पथ्य असतं. खायचंच काही न्यायचं तर ते सोबतीला राहिलेल्या नातेवाइकांसाठी न्या. रुग्णाला दवाखान्यातून जेवण मिळतं, जिन्याखाली झोपणाऱ्या त्याच्या आईला मिळत नाही. चपाती, सुकी भाजी, लोणचं. त्याखेरीज पिशवीत नखं कापायचं यंत्र, कंगवा, खोबरेल तेलाची लहान बाटली, पेन. पेन दर वेळी कुणीतरी मागतंच.

प्रार्थना करायची की नाही?

विचारायचं. 'नको' म्हणाले तर तेवढ्याच मायेनं गप्पा मारायच्या. 'हो' म्हणाले तर दोन मिनिटांत, हळू आवाजात, त्यांचं नाव घेऊन. डोक्यावर हात ठेवायचा तर तेही विचारून, आणि बाई असेल तर आपल्यातल्या बाईनं. शेजारच्या खाटेवर माणूस झोपलेला असतो हे विसरून मोठ्यानं गाणी म्हणायची नाहीत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं मला जीव की प्राण आहेत, पण दुपारी चार वाजता सलाईन लागलेल्या माणसाला ती ऐकावीच लागावीत असं मला वाटत नाही.

स्पष्टच विचारतो. हे सगळं शेवटी धर्मांतरासाठीच ना?

विचारलंत ते बरं केलंत, मनात ठेवून हसण्यापेक्षा.

आमच्या गटाचा नियम आहे : वॉर्डात पत्रक वाटायचं नाही, पुस्तक ठेवायचं नाही, 'चर्चला या' म्हणायचं नाही. कारण साधं आहे. आजारी माणूस खाटेला खिळलेला असतो. ज्याला उठून निघून जाता येत नाही त्याला आपलं म्हणणं ऐकवणं हे दांडगाईचं काम आहे, मग ते म्हणणं कितीही खरं असो. पण कुणी विचारलं की 'तुम्ही कोण, का येता', तर आम्ही लपवतही नाही. ख्रिस्ती आहोत, येशूनं सांगितलंय म्हणून येतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तो म्हणतो की मी भुकेला होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो. या लहानातल्या लहानासाठी केलंत ते माझ्यासाठी केलंत. ते वचन खरं धरलं तर खाटेवरच्या माणसाकडे 'याला ख्रिस्त द्यायचाय' म्हणून जाताच येत नाही. तो तिथं आधीच पडलेला आहे, ताप भरून.

हा वाद नवा नाही. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. धर्माच्या बाबतीत ढवळाढवळ करणार नाही असा शब्द होता. विधवा मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. पण रमाबाई दार उघडं ठेवून प्रार्थना करत, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये मोठा गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंविषयी माझ्या मनात अपार आदर आहे आणि त्या पालकांना वाटलेली धास्तीही मला खोटी वाटत नाही. 'दार उघडं ठेवून' म्हणजे नेमकं किती उघडं, यावर आमच्या गटात आजही दोन मतं आहेत. मी कमी उघड्या बाजूची आहे.

रुग्णानं पैसे मागितले तर?

रोख देऊ नका. याला दगडासारखं मन लागतं असं नव्यांना वाटतं. खरं तर माहिती लागते. बहुतेकदा पैशाची गरज असते तिथं एखादी योजना अडून बसलेली असते. रेशनकार्ड गावी राहिलंय, आधारवरचं नाव जुळत नाही, सही कुणाची घ्यायची कळत नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांची खोली कुठे आहे ते आधी शोधून ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, त्याच्याकडे रुग्णाला नव्हे तर कागद घेऊन आपण जावं. धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात, हे कित्येकांना ठाऊकच नसतं. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते, त्या त्या वेळी विचारून घ्या. रांगेत उभं राहणं, झेरॉक्स काढणं, 'साहेब जेवायला गेलेत' ऐकून तासभर बाकावर बसणं ही सेवा दिसायला अगदीच साधी आहे. मला विचाराल तर सगळ्यांत मोठी तीच.

शोमरोन्यानं जखमांवर तेल-द्राक्षारस ओतला हे चित्र सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्यानं दुसऱ्या दिवशी धर्मशाळेवाल्याच्या हातात दोन दीनार ठेवले, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि वर खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला, हे कुणी चित्रात काढत नाही.

जो स्वतःच्या करणीनं आजारी पडलाय त्याचं काय? पिऊन यकृत घालवलेला, बायकोला मारणारा?

त्याच्याकडेही जायचं. लोकांनी वाळीत टाकलेल्या बाईकडे बोट दाखवून येशू शिमोन नावाच्या परूशाला, म्हणजे कडक धर्मनियम पाळणाऱ्या पंथातल्या माणसाला, विचारतो, ही बाई तुला दिसते ना? शिमोनाला तिचं पाप तेवढं दिसत होतं. जखमी माणूस त्या वाटेनं एकटा का निघाला होता, हे शोमरोन्यानं विचारल्याचं लूकनं लिहिलेलं नाही.

पण भाबडेपणा नको. नवरा खाटेवर असतो आणि बायको पायाशी बसलेली असते, हातावर जुने वळ असतात. तिच्याशी वेगळं, बाहेर व्हरांड्यात बोला. 'क्षमा कर' हे शब्द तिला उद्देशून तोंडातून काढायचे नाहीत. ते ठरवणारे आपण कोण? आणि ज्या बाईला घरी परतायची भीती वाटते तिला परत पाठवण्याला आमच्याकडे कळवळा म्हणत नाहीत.

मला वास सहन होत नाही, रक्त बघवत नाही.

मग वॉर्डाबाहेर बसणाऱ्या नातेवाइकांकडे या, किंवा चपात्या करा. कुणी कमी लेखणार नाही.

फोटो काढून ग्रुपवर टाकले तर अजून लोक येतील ना?

नाही. डाव्या हाताला कळू नये ते तीनशे जणांना कळवायचं नाही. ज्याच्या अंगावर दवाखान्याचा मागून उघडा असलेला झगा आहे त्याला विचारा फोटोचं.

मी ख्रिस्ती नाही. आलो तर चालेल?

चालेल. दाखल्यातला शोमरोनीही परक्या पंथाचा होता, ऐकणाऱ्यांना न आवडणारा. गेली काही वर्षं आमच्याबरोबर एक निवृत्त गणिताचे सर येतात, देव मानत नाहीत. अर्ज भरण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही.

घरी सासूबाई अंथरुणाला खिळल्यात आणि मी दवाखान्यात परक्यांची सेवा करते. मनाला टोचतं.

टोचू द्या. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू 'कुर्बान'वरून फार कडक बोलला आहे : आईबापांना द्यायचं ते देवाला अर्पण केलं म्हणून सांगून हात झटकणारे लोक. दवाखान्यातला म्हातारा गोड बोलतो, आभार मानतो, तासाभरानं आपण निघतो. घरचं माणूस चोवीस तास असतं, किरकिर करतं, चादर बदलली तरी तोंड वाकडं करतं. वर्षभर येऊ नका. आणि शक्य असेल तर उलटं करू : रविवारी आमच्यापैकी एकजण तुमच्या सासूबाईंपाशी बसेल आणि तुम्ही झोपा काढा, बाजारात जा, काहीही करा. आमच्या वहीत अशी चार घरं आहेत. त्यांची नावं आम्ही मंडळीत वाचून दाखवत नाही.

थकवा येतो. काही दिवसांनी काहीच वाटेनासं होतं.

होतं तसं. शिष्य दमून आले तेव्हा येशू त्यांना म्हणाला, एकांती चला, थोडा विसावा घ्या. आमच्यात तीन महिन्यांनी एक महिना सुट्टी सक्तीची आहे, कितीही उत्साह असो. शोमरोनीसुद्धा दुसऱ्या दिवशी आपल्या कामाला गेला. धर्मशाळेत राहून त्यानं त्या माणसाचा आयुष्यभराचा ताबा घेतला नाही.

आपण भेटत असलेला माणूस गेला तर काय बोलायचं?

'देवाची इच्छा' म्हणू नका. 'सुटला बिचारा' तर मुळीच नको. बायबलात ईयोब नावाच्या माणसावर दुःखाचे डोंगर कोसळतात; त्याचे मित्र पुढे त्याला नको नको ते ऐकवतात, पण पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते. तेवढा भाग त्यांच्याकडून उचलावा. मृत्यूचा दाखला, शववाहिका, गावी फोन, बायकोला पाणी देणं, चपला शोधून देणं, ही कामं त्या वेळी कुणाला तरी करावीच लागतात.

कधी आणि कुठे यायचं?

रविवारी पावणेचारला, दवाखान्याच्या मागच्या गेटापाशी, चिंचेखाली. आत दोघा-दोघांनी जायचं. अत्तर लावून येऊ नका, वॉर्डात कुणाला ना कुणाला मळमळत असतं. सर्दी-खोकला असेल तर घरी थांबा. पहिल्या दिवशी एकाच खाटेजवळ बसायचं, वॉर्डभर फिरायचं नाही. स्टूल मिळालं तर त्याच्यावर बसा, नाही तर उभे राहा. खाटेच्या कडेवर बसू नका, मोडलेल्या पायाला धक्का लागतो.